लोंढावासीयांनो, काळी काच बसवण्याआधी थांबा

लोंढ्यातल्या सर्व घरमालकांना, भाडेकरूंना आणि दुकानदारांना कळकळीची विनंती.

मिरगाआधी डागडुजी काढताना खिडकीला आतून दुसरं तावदान लावावं, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात असेल. जरूर लावा. सागवानी चौकट उपटून ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसवण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं. गोव्याहून घाट चढून येणाऱ्या मालगाड्यांचा आवाज कमी होतो, झड आत येत नाही. शिवाय दोन काचांमध्ये हवा कोंडल्यामुळे आतबाहेरच्या तापमानातल्या फरकाने होणारी उष्णतेची ये-जा साधारण निम्म्यावर येते.

पण वीज वाचते म्हणून काळी किंवा आरशासारखी काच घेऊ नका. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं असतं. काळ्या काचेमागे भर दुपारी दिवे लावावे लागतील, मग वाचलं काय? घरांच्या ऊर्जाबचतीसाठी केंद्र सरकारने काढलेल्या 2018 च्या ‘इको निवास संहिते’तही, भिंतींच्या तुलनेत खिडक्या 30 टक्क्यांपर्यंत असतील तर काचेतून किमान 27 टक्के उजेड आत आलाच पाहिजे, असं म्हटलं आहे. ती संहिता मोठ्या प्लॉटवरच्या इमारतींसाठी आहे, पण उजेडाची गरज लहान घरालाही तेवढीच. आणखी एक. काळी काच आतल्या बाजूला बसवली तर ऊन बाहेरची काच ओलांडून आलेलंच असतं. आतली काच तापते आणि खोलीही तापवते. पश्चिमेचं ऊन अडवायचं तर बाहेरून छज्जा किंवा बांबूचा पडदाच हवा.

मग कोणती काच घ्यावी? पंख्यावर चालणाऱ्या घराला साधी पारदर्शक काच पुरते. एसीच्या खोलीत कडक लेपाची लो-ई, म्हणजे उष्णता कमी उत्सर्जित करणाऱ्या पातळ लेपाची काच घ्या, लेपाची बाजू दोन काचांमधल्या पोकळीकडे ठेवून. मऊ लेपाची काच उघडी राहिली की खराब होते, ती कारखान्यातच सीलबंद केलेल्या जोडकाचेत वापरायची असते. रुळांजवळच्या घरांनी बाहेर 4 मि.मी. असेल तर आत 6 मि.मी. जाडीची काच घ्यावी आणि भिंतीची जाडी परवानगी देईल तर मध्ये 100 मि.मी. अंतर ठेवावं. जाडी वेगळी असली की दोन्ही काचा एकाच सुरात थरथरत नाहीत.

काच आणण्याआधी चौकटीच्या कडेने पेटती उदबत्ती फिरवा. धूर जिथे वाकेल तिथे फट आहे, ती सुताराकडून बुजवून घ्या. आतलं तावदान मात्र उघडता येईल असंच बसवा. पावसाळ्यात कोंडलेल्या खोलीत भिंतीला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

दुकानदाराकडे काचेचे तीन आकडे लेखी मागा: उजेड किती येतो, उन्हाची उष्णता किती येते आणि यू-मूल्य, म्हणजे तापमानातल्या फरकाने काचेतून जाणाऱ्या उष्णतेचं माप, किती. जो हे आकडे देणार नाही, त्याला ऑर्डर देऊ नका.