वहिवाट म्हणजे मालकी नव्हे

गेल्या कांहीं वर्षांत आमच्याकडील व्याख्यानांतून व नियतकालिकांतून एक मत मोठ्या आत्मविश्वासानें मांडलें जात आहे. युद्धांत हातीं आलेल्या भूमीवर जेत्यानें आपलीं माणसें नेऊन वसविलीं तर त्यांत बेकायदा असें कांहींच नाहीं; ओसाड माळावर ज्यानें पाणी नेलें, मळे फुलविले, शाळा बांधल्या, त्याचाच तो माळ; आणि आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे दुबळ्यांनीं आपल्या समाधानासाठीं रचलेलें स्तोत्र होय, असा या मताचा आशय आहे. प्रसंग अर्थात् जॉर्डन नदीच्या पश्चिम तीराचा. १९६७ च्या जूनमध्यें इस्रायलनें तो प्रदेश घेतला, त्याच वर्षीं सप्टेंबरांत तेथें पहिली वसाहत उभी राहिली, आणि आज पूर्व जेरुसलेम धरून सात लक्षांहून अधिक इस्रायली नागरिक त्या भूमीवर राहत आहेत. 'कसेल त्याची जमीन' ही कुळांच्या कैवारासाठीं निघालेली घोषणा अशा रीतीनें सैन्याच्या तोंडीं घातलेली ऐकून आम्हांस हंसावें कीं रडावें हें कळत नाहीं. आणि हें मत जेव्हां वऱ्हाडचा मनुष्य उच्चारतो, तेव्हां तर त्याला आपल्या आजोबा-पणजोबांचा इतिहास ठाऊक नसावा असेंच म्हणावें लागतें.

मानोरा हा आज वाशीम जिल्ह्याचा एक तालुका आहे. १८५३ सालीं हा मुलूख, साऱ्या वऱ्हाडाबरोबर, हैदराबादच्या निजामाचा होता. निजामाच्या खर्चानें परंतु इंग्रजांच्या हुकमतीखालीं ठेवलेल्या पलटणींचा पगार थकला, कर्ज वाढलें, आणि त्या वर्षींच्या २१ मेच्या तहानें वऱ्हाडचा कारभार कंपनी सरकारकडे गेला. कारभार गेला; मालकी गेली नाहीं. १८६० च्या तहानें हिशेब देण्याचें बंधनही इंग्रजांनीं अंगावरून झटकून टाकलें. १९०२ सालीं लॉर्ड कर्झननें वर्षास २५ लक्ष रुपये खंडानें हा प्रांत कायमच्या पट्ट्यानें लिहून घेतला. मधल्या काळांत लोहमार्ग आला, अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाला सोन्याचा भाव आला, जमिनींची मोजणी व आकारणी झाली. 'आम्ही हा प्रांत सुधारला' ही शेखी इंग्रज अंमलदारांनीं पुष्कळ मिरविली, आणि तींत कांहीं तथ्यही होतें. तरी १९३५ च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्यास वऱ्हाड निजामाच्या सार्वभौमत्वाखालीं असल्याचें नमूद करावें लागलें, आणि १९३६ च्या करारान्वयें निजामाचा झेंडा इंग्रजी झेंड्याशेजारीं लावण्याचा हक्क मान्य करावा लागला. ८३ वर्षें वहिवाट करूनही कारभाऱ्याच्या हातीं मालकीचा कागद आला नाहीं.

वऱ्हाड तहानें गेला, युद्धांत नव्हे, म्हणून हा दाखला तंतोतंत लागू पडत नाहीं, असें कोणी म्हणेल. खरें आहे. परंतु त्यामुळें आमचा पक्ष दुबळा न होतां उलट बळकटच होतो. सहीशिक्क्याच्या तहानें आणि कायमच्या पट्ट्यानें जी मालकी मिळाली नाहीं, ती केवळ रणगाड्यांच्या बळावर बसणारास कोठून मिळणार?

कायदाही याहून निराळें सांगत नाहीं. १९०७ च्या हेग येथील नियमांतील ४३ व्या कलमानें व्यापक सत्तेवर तेथील प्रचलित कायदे शक्य तोंवर पाळण्याचें बंधन घातलें, ४६ व्यानें खाजगी मालमत्ता जप्त करण्यास मनाई केली, आणि ५५ व्यानें सरकारी जमिनी, अरण्यें व इमारती यांच्या बाबतींत त्या सत्तेस केवळ कारभारी व फलोपभोगी ठरविलें. आमराईचा मक्ता घेणारा आंबे उतरवितो. झाडें तोडून तेथें घर बांधीत नाहीं, आणि आपल्या मेहुण्यास तर तेथें मुळींच वसवीत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनीनें पोलंडांतील लोकांस हुसकून त्यांच्या घरांत जर्मन कुटुंबें आणून बसविलीं. तो अनुभव ताजा असतां १२ ऑगस्ट १९४९ रोजीं जिनीव्हा येथें चौथा करार झाला, आणि त्याच्या ४९ व्या कलमाच्या सहाव्या परिच्छेदानें व्यापक सत्तेनें आपल्या नागरिकांपैकीं कोणासही व्याप्त प्रदेशांत पाठवूं वा स्थलांतरित करूं नये असें स्पष्ट शब्दांत घातलें. या करारावर भारताची मान्यता आहे, इस्रायलचीही आहे. इतकेंच नव्हे, तर सप्टेंबर १९६७ मध्यें इस्रायली परराष्ट्र खात्याचे कायदेविषयक सल्लागार थिओडोर मेरॉन यांनीं स्वतःच्याच सरकारास लेखी कळविलें होतें कीं नागरी वसाहती या कराराच्या स्पष्ट तरतुदींविरुद्ध होतील. घरचाच वैद्य सांगत असतां औषध घेतलें नाहीं, याला अज्ञान कसें म्हणावें?

यावर जें चतुर उत्तर देण्यांत येतें तें येहुदा ब्लूम यांनीं १९६८ सालीं मांडलें. जॉर्डनचा त्या प्रदेशावरील हक्कच शुद्ध नव्हता. १९५० चें त्याचें सामिलीकरण फारच थोड्या राष्ट्रांनीं मानिलें. तेव्हां ज्याला प्रदेश परत द्यावयाचा असा कायदेशीर धनीच नसल्यामुळें हा ताबा 'व्याप्ती' या संज्ञेंत बसत नाहीं, असा हा युक्तिवाद आहे. वऱ्हाडच्या मनुष्यास यांतील हातचलाखी चटकन् दिसावी. वऱ्हाड कोणाचें, या वादांत १९२६ पर्यंत दोनच पक्षकार उभे होते. निजाम म्हणत होते, माझें. आणि लॉर्ड रीडिंग यांनीं त्या वर्षींच्या मार्चमध्यें निजामांस पत्र लिहून इंग्रज सत्ता हिंदुस्थानांत सर्वश्रेष्ठ आहे, तिच्याशीं बरोबरीच्या नात्यानें वाद घालतां येणार नाहीं, असें सुनावलें. बळी तो कान पिळी! दोघांच्या या झगड्यांत कापूस पिकविणाऱ्या वऱ्हाडी कुणब्यास कोणींही विचारलें नाहीं. आतां निजामाचा हक्क सदोष होता असें क्षणभर धरलें, तर त्यावरून वऱ्हाड कंपनीचें कसें ठरतें? धनी खोटा निघाला म्हणून राखणदार धनी होत नाहीं. जिनीव्हाचा करार राजांच्या सनदांचें रक्षण करण्यासाठीं झालेला नाहींच. तो तेथें राहणाऱ्या माणसांसाठीं झाला आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयानें २००४ च्या जुलैमध्यें हा युक्तिवाद फेटाळला, आणि १९ जुलै २०२४ च्या अभिप्रायांत तर नव्या वसाहती तत्काळ थांबवून वसाहतवाल्यांस तेथून काढून घ्यावें, असें १४ विरुद्ध १ मतानें सांगितलें.

वसाहतवाले स्वेच्छेनें गेले, त्यांस कोणीं बैलगाडींत घालून नेलें नाहीं, असेंही म्हणतात. पण रस्ता सरकारचा, पाणी सरकारचें, घरासाठीं सवलत सरकारची आणि दाराशीं पहारा सैन्याचा! अशा स्वेच्छेस उत्तेजन म्हणतात, आणि उत्तेजनही ४९ व्या कलमाच्या आंत येतें, हें २००४ च्या अभिप्रायांतच आहे.

संरक्षणाच्या सबबीची कथा अधिक बोधप्रद आहे. नाब्लसजवळ एलोन मोरे या वसाहतीसाठीं खाजगी शेतजमीन लष्करी गरज म्हणून ताब्यांत घेतली गेली. शेतकरी इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयांत गेले, आणि १९७९ च्या ऑक्टोबरांत त्यांचा जय झाला. कारण वसाहतवाल्यांनींच शपथेवर सांगितलें कीं आम्ही लष्करासाठीं आलों नसून येथें कायमचें राहण्यास आलों आहोंत. त्या न्यायाधीशांस आम्ही नमस्कार करितों. परंतु सरकारनें धडा घेतला तो निराळाच. यापुढें खाजगी जमिनीस हात न लावतां, १८५८ च्या तुर्की जमीनकायद्याच्या आधारें न कसलेल्या जमिनी सरकारी म्हणून जाहीर करण्याचा सपाटा लावला.

पडीत म्हणजे सरकारी, आणि सरकारी म्हणजे आपली, ही साखळी आमच्या भागास नवी नाहीं. १८६५ च्या पडीत जमिनींच्या नियमांनीं वऱ्हाडांत ओसाड गांवें इजाऱ्यानें देण्यांत आलीं; यवतमाळ-वाशीमकडील कांहीं गांवांच्या नांवांस 'इजारा' हा शब्द अद्याप चिकटलेला आहे. ओसाड, पण कोणाच्या हिशेबानें? गुरें चारणारा, मोहाचीं फुलें वेंचणारा, जमीन दोन पावसाळे विसाव्यास ठेवणारा, यांच्या हिशेबानें तें रान ओसाड नसतें. मात्र न्यायानें बोलावयाचें तर इंग्रजांनीं तीं गांवें लंकाशायरच्या शेतकऱ्यांस वांटलीं नाहींत. इजारदार याच देशाचे होते. रेल्वे व गाड्यांनीं लमाणी बैलांचा व्यापार बुडविल्यावर पोहरादेवीच्या परिसरांत तांडे स्थिरावले, तेही पोटासाठीं. येथील लोकसंख्येचें पारडें फिरवावें म्हणून कोणत्या सैन्यानें त्यांस आणलें नव्हतें. जिनीव्हाच्या कलमाचा रोख कोणत्या वस्तीवर आहे आणि कोणत्या नाहीं, हें यावरून ध्यानीं यावें.

आतां आमच्या विरोधकांचा सर्वांत भारी दाखला, गोमंतकाचा. तुम्हीही १९६१ च्या डिसेंबरांत सैन्य धाडलें, मग तुमचा ताबा तो ताबा नव्हे काय? हा प्रश्न आमच्या सर्वोच्च न्यायालयापुढें १९६९ सालीं मॉन्तेरो खटल्यांत आलाच होता. पोर्तुगीज नागरिकत्व राखणाऱ्या एका गोमंतकीय धर्मगुरूंनीं जिनीव्हा कराराचें संरक्षण मागितलें. पूर्वीं नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असलेले हिदायतुल्ला यांनीं निर्णय दिला कीं, सामिलीकरणानें व्याप्ती संपली, सबब तें संरक्षणही संपलें. विजयानें हक्क उत्पन्न होतो हा जो सूर त्या निर्णयांत आहे, तो १९४५ च्या सनदेनंतर आम्हांस पटत नाहीं; गोमंतकावरील भारताचा हक्क परकीय वसाहतशाहीच्या अंतावर अधिक भक्कमपणें उभा राहतो. पण तो निर्णय जसाच्या तसा घेतला तरी विरोधकांच्या पदरीं काय पडतें? भारतानें गोमंतक घेतला तो माणसांसकट घेतला. १९६२ च्या आज्ञेनें तेथील रहिवासी, ज्यांनीं स्वतः नको म्हटलें ते वगळून, भारताचे नागरिक झाले. १९६३ मध्यें त्यांनीं आपलें विधिमंडळ निवडलें. पश्चिम तीरावर जमीन हवी आहे, माणसें नको आहेत. एकाच टेंकडीवरील वसाहतवाल्यास इस्रायलचा दिवाणी कायदा आणि शेजारच्या पॅलेस्टिनी शेतकऱ्यास लष्करी न्यायालय, ही व्यवस्था सामिलीकरण नव्हे आणि व्याप्तीही नव्हे, तर मग आहे तरी काय?

गोमंतकांत पुढें १६ जानेवारी १९६७ रोजीं जनमत घेतलें. महाराष्ट्रांत विलीन व्हावयाचें कीं वेगळें राहावयाचें, हा प्रश्न होता. विलीनीकरणाच्या बाजूनें १,३८,१७० मतें पडलीं, विरुद्ध १,७२,१९१. आम्हां महाराष्ट्रीयांस तो कौल कडू लागला, तरी तो मानला गेला, कारण तो तेथील रहिवाशांचा होता. अंतर अवघें ३४,०२१ मतांचें होतें. आधींच्या पांच वर्षांत कोणी सवलतीचीं घरें बांधून तितके मतदार रत्नागिरी-कोल्हापुरांतून तिकडे नेऊन बसविले असते, तर निकाल फिरला असता. पश्चिम तीरावरील मोदीइन इल्लित या एकट्या वसाहतीची वस्ती आज त्या अंतराच्या दुपटीहून अधिक आहे.