भरतीची रेषा व कायद्याची रेषा

समुद्रकिनाऱ्यावर बांधकाम किती अंतरावर असावें, हा प्रश्न केवळ अधिकाऱ्यांचा नसून किनाऱ्यावरील प्रत्येक कुटुंबाचा आहे, असें आम्हांस वाटतें.

इ. स. १९८१ मध्यें पंतप्रधान इंदिरा गांधी यांनीं किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांस पत्र लिहून भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतची जागा मोकळी राखण्यास सांगितलें. १९९१ च्या अधिसूचनेनें त्या विचारास कायद्याचें बळ दिलें. ग्रामीण किनाऱ्यावर २०० मीटरपर्यंत नवें बांधकाम बहुतांशीं मना झालें. पुढें २०१९ च्या अधिसूचनेनें, २०११ च्या जनगणनेप्रमाणें दर चौरस किलोमीटरास २,१६१ हून अधिक वस्ती असलेल्या ग्रामीण भागांत ही मर्यादा ५० मीटरांवर आणिली.

हा बदल सर्वस्वीं वाईट, असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या कोळी बांधवांचीं घरें पिढ्यान्‌पिढ्या किनाऱ्यालगत आहेत, त्यांस वाढत्या कुटुंबासाठीं खोली बांधतां यावी, हें न्याय्यच होय. परंतु जें दार त्यांच्यासाठीं उघडलें, त्यांतूनच मोठीं हॉटेलें आंत शिरलीं, तर मासळी वाळविण्यास व होड्या ओढून ठेवण्यास जागा कोठें उरणार?

शिवाय समुद्र आपली अधिसूचना वाचीत नाहीं. १९०१ ते २०१८ या काळांत जगांतील समुद्राची पातळी सरासरीनें सुमारें २० सेंटीमीटर वाढली. पाणी जमिनीकडे सरकत असतां आपण आपली रेषा पाण्याकडे सरकवावी, हें शहाणपणाचें नव्हे. वाळूवर घर बांधणाऱ्या मनुष्याचा दृष्टान्त आपण सर्वांनीं ऐकिला आहे. वाळूच्या टेकड्या व तिवरांचीं बनें लाटांचा मारा सोसतात. तीं गेलीं म्हणजे तो मारा आपल्या भिंतींवर येतो.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, नियम सैल होईल तितकी देखरेख कडक व्हावी. रहिवाशाचें घर आणि नफ्याची इमारत यांस एकच माप लावूं नये. परवानगी बांधकामापूर्वीं घ्यावी. आधीं बांधून मागाहून मान्यता मागण्याची चाल बंद व्हावी. किनाऱ्याचा मंजूर नकाशा मराठींत, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सर्वांस दिसेल असा लावावा.

विद्यार्थिमित्रांनीं तो नकाशा वाचण्यास शिकावें आणि पालकांनीं ग्रामसभेंत त्याविषयीं विचारावें. ज्या रेषेवर गांवाची नजर आहे, ती पुसणें कोणासहि सोपें जाणार नाहीं.