‘सांगितले’ एवढ्याने भागत नाही

इंग्रजीच्या पेपरातील आज्ञार्थी वाक्याचे अप्रत्यक्ष कथन आपण सर्वजण एका ठरीव पद्धतीने सोडवतो. ‘प्लीज’ दिसले की ‘रिक्वेस्टेड’, साहेब बोलले की ‘ऑर्डर्ड’, डॉक्टर बोलले की ‘ॲडव्हाइज्ड’. पुढे ‘टू’ लावायचा, नकार असेल तर ‘नॉट टू’. काहीच सुचले नाही तर ‘टोल्ड’ आहेच. गुण मिळतात आणि विषय संपतो. माझ्या मते तो तिथे संपवण्यासारखा नाही.

मराठीत ही अडचण फारशी भासत नाही, कारण आपण बोलणाऱ्याचे शब्द जवळजवळ जसेच्या तसे पुढे नेतो. ‘बस म्हणाले’, ‘बसा म्हणाले’, ‘बसावं म्हणाले’ या तिन्ही वाक्यांत ‘म्हणाले’ एकच आहे; परंतु जवळीक, मान, आर्जव हे सारे ‘बस’च्या रूपातच उमटते. इंग्रजीत अप्रत्यक्ष कथन करताना उरते ते केवळ ‘टू सिट’. ‘प्लीज’सुद्धा गळून पडते. जे गळाले ते भरून काढण्याचे ओझे मग आस्क, बेग, अर्ज, ॲडव्हाइज, वॉर्न, फॉरबिड या क्रियापदांवर येते. थोडक्यात, दुसऱ्याचे बोलणे सांगणाऱ्याला तेथे निवाडाच द्यावा लागतो: ती विनंती होती, सल्ला होता की हुकूम?

आपल्याकडे असे शब्द नाहीत असे मुळीच नाही. विनवणे, गळ घालणे, सुचवणे, बजावणे, ताकीद देणे, फर्मावणे, मनाई करणे – पैकी एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही. पण रोजच्या बोलण्यात आपण सर्वांना ‘सांगितले’त कोंबतो आणि तीच सवय ‘टोल्ड’ होऊन उत्तरपत्रिकेत उतरते. आपल्या नेहमीच्या चुकाही मराठी वळणाच्याच असतात. ‘जाऊ नको म्हणून मनाई केली’ हे आपल्याला खटकत नाही, म्हणून आपण ‘फॉरबेड’पुढे ‘नॉट’ लिहितो. तेथे नकार क्रियापदाच्या पोटातच असतो. ‘मला जायला सुचवले’ या धर्तीवर ‘सजेस्टेड मी टू गो’ लिहितो; पण ‘सजेस्ट’ला ‘दॅट’ तरी हवा किंवा ‘गोइंग’ तरी.

हा फरक केवळ पाच गुणांचा नाही. आपल्या विंचूर-लासलगाव भागाचेच उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी घातली, ती मे २०२४ मध्ये उठली. ‘सरकारने कांदा अडवला’ असे दोन्ही वेळांबद्दल म्हणता येईल. पण पहिले ‘डिस्करेज’ होते, दुसरे ‘फॉरबिड’. शुल्क भरून माल बाहेर पाठवण्याचा मार्ग, महाग का होईना, उघडा होता. बंदीत सरकारने खास परवानगी दिली तेवढाच माल जाऊ शकत होता. भावाचा अंदाज बांधणाऱ्याने ही दोन क्रियापदे एक मानून कसे चालेल?

घरात कॉलेजात जाणारा मीच पहिला, त्यामुळे इंग्रजी पत्र आले की ते वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे असते. अशा पत्रात ‘यू आर ॲडव्हाइज्ड’ हे शब्द हमखास सापडतात. मी ‘सल्ला दिला आहे’ असा अर्थ सांगितला की वडील विचारतात, “म्हणजे करायचंच, की केलं तर बरं?” याहून नेमका प्रश्न व्याकरणाच्या पुस्तकातही नसेल. पुढे मुदत आणि दंड लिहिलेला असेल तर तो सल्ला नव्हे, ताकीद होय. गाइडातला तक्ता येथे उपयोगी पडत नाही. वरिष्ठाच्या तोंडचे ‘प्लीज’ही कित्येकदा हुकूमच असतो.

म्हणून आपल्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे – विनंतीच, सूचना नव्हे – की हा धडा शिकवताना सुटे वाक्य देऊ नये. कोण बोलले, कोणाला बोलले, न ऐकल्यास काय होणार होते, हेही द्यावे. विद्यार्थ्याने क्रियापद निवडावे आणि ते का निवडले हे एका ओळीत, हवे तर मराठीतून, लिहावे. गुण त्या ओळीला द्यावेत.

आपल्यापैकी बहुतेकांना पुढे कोणासाठी तरी कागद वाचावे लागणार आहेत. हुकमाला सल्ला समजणारा नुकसानीत जातो, आणि सल्ल्याला हुकूम समजणारा जन्मभर विनाकारण वाकत राहतो.