सरकारी वकील नेमका कोणाचा?

सरकारी वकिलाने किती जणांना शिक्षा लावली, यावरच त्याचे मोठेपण मोजायची आपल्याला सवय लागली आहे. कायद्याची अपेक्षा वेगळी. हितेंद्र विष्णू ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, सरकारी वकील हा तपास यंत्रणेचा भाग नाही. ‘टाडा’ या तेव्हाच्या दहशतवादविरोधी कायद्याखाली कोठडीची मुदत वाढवून मागताना पोलिसांच्या म्हणण्यावर नुसता शिक्का मारून त्याला चालणार नाही.

दुसरे टोक गुजरात दंगलीतील बेस्ट बेकरी हत्याकांडाच्या खटल्यात दिसले. वडोदऱ्यात साक्षीदार फिरले, सगळे आरोपी सुटले. सरकारी वकील बचाव पक्षासारखा वागला, असे ताशेरे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ओढले. फेरखटला मुंबईत चालला आणि २००६ मध्ये ९ जण दोषी ठरले. (त्यातले ५ पुढे उच्च न्यायालयात सुटले, हेही नोंदवायला हवे.)

खरी गोम खटले मागे घेण्यात आहे. अर्ज सरकारी वकिलाने स्वतः विचार करून द्यायचा. पण त्याची नेमणूक सरकारच्याच हातात! आमदार-खासदारांवरील खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीविना मागे घेऊ नयेत, असे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला बजावावे लागले, ते उगाच नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० ने पीडिताचे म्हणणे ऐकणे बंधनकारक केले, हे बरे झाले. आता अशा प्रत्येक अर्जामागची कारणे राज्य सरकारने जाहीर करावीत.