रक्ततपासणीपूर्वी उदरावरील व्रणाची खूण पाहावी

उदरावरील शस्त्रकर्मानंतर आतडी परस्परांस किंवा उदराच्या भिंतीस चिकटतात, हे आपण सर्वजण जाणतो. यालाच आसंजन म्हणतात. स्कॉटलंडमध्ये १९८६ साली उदर वा श्रोणीचे उघडे शस्त्रकर्म झालेल्या २९,७९० रुग्णांचा दहा वर्षे मागोवा घेण्यात आला. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार ३४.६ टक्के रुग्ण पुन्हा सरासरी २.१ वेळा रुग्णालयात दाखल झाले. कारणे दोन प्रकारची होती : आसंजनाशी निश्चित वा संभाव्य संबंध असलेला विकार, अथवा आसंजनामुळे अवघड ठरू शकणारे शस्त्रकर्म.

असा उपद्रव कोणास होईल हे रक्तावरून आधीच कळावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. उदरावरणास इजा झाली की तेथे फायब्रिनचे जाळे साचते आणि प्लाझ्मिन ते विरघळवते. प्लाझ्मिन निर्माण करणाऱ्या टीपीए या द्रव्यास पीएआय-१ रोखते. त्याचे प्राबल्य झाल्यास जाळे टिकते आणि त्यात तंतुमय ऊती रुजते. म्हणूनच पीएआय-१, टीजीएफ-बीटा, इंटरल्युकिन-६ आणि सीआरपी यांच्याकडे संशोधकांचे लक्ष गेले.

परंतु ही घडामोड उदरावरणाच्या एका जागी होते, तर शिरेतील रक्त सर्व शरीराची वार्ता सांगते. सीआरपी प्रत्येक मोठ्या शस्त्रकर्मानंतर वाढते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर गाठते. ती उतरली नाही तर जंतुसंसर्गाची किंवा आतड्याच्या जोडातील गळतीची शंका घ्यावी. आसंजनाचे भाकीत त्यावरून करता येत नाही. तशी कोणतीही रक्ततपासणी अद्याप नित्य व्यवहारात आलेली नाही. म्हणून अशा भाकितासाठी रुग्णास खर्चात पाडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट विनामूल्य आहे. मलावरोधाची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाचे उदर उघडे करून पाहावे. जुन्या व्रणाची खूण असेल, शूल थांबून थांबून येत असेल, उलट्या होत असतील, आध्मान असेल आणि अधोवायूही सरत नसेल, तर तो साधा मलावरोध नव्हे. शस्त्रकर्म वीस वर्षांपूर्वीचे असले तरी ही शंका टळत नाही. अशा वेळी एरंडतैल वा अन्य विरेचन देणे घातक ठरू शकते. तोंडाने काहीही न देता रुग्णास तत्काळ शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.

सुश्रुताचार्यांनी बद्धगुदोदरात उदर छेदून आतडे तपासण्याचा विधी सांगितला आहे. तेथील कारणे निराळी असली तरी मार्ग अडला असता शस्त्रकर्माचा विचार करावा, हा बोध आपल्याच शास्त्राचा आहे. औषधालयाच्या मालकांनीही रेचक मागणाऱ्यास दोन प्रश्न अवश्य विचारावेत : पोटाचे शस्त्रकर्म झाले आहे काय, आणि वायू सरतो काय? वेळीच विचारलेल्या या दोन प्रश्नांनी एखाद्याचे आतडे, प्रसंगी प्राणही, वाचू शकतील.