पहिली खेप कुणाची?

राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाही हे पाठ. सांगलीत आयर्विन पुलापाशी हेच आकडे ४० आणि ४५. पावसाळ्यात ते ग्रुपवर क्रिकेटच्या स्कोअरसारखे फिरतात. पण ४३ फुटांना आपल्या गल्लीत पाणी नेमकं कुठवर येतं आणि कोपऱ्यावरच्या अर्धांग झालेल्या आजोबांना उचलायला कोण जाणार, हे विचारा. सगळे गप्प!

२०१९ ला ‘२००५ ला आमच्यात पाणी आलं नव्हतं’ म्हणून कितीतरी लोक घरातच थांबले. पाणी जुन्या खुणेच्या वर गेलं. ब्रह्मनाळ आठवतंय? ८ ऑगस्ट २०१९, पलूस तालुका. बोट होती, मदतीला धावणारी माणसंही होती. पण क्षमतेपेक्षा जास्त लोक बसले, बोट उलटली आणि डझनभराहून जास्त जीव गेले. घाबरलेल्या लोकांना दोष देण्यात काय अर्थ? पाणी दारात आल्यावर पहिली खेप कुणाची, हे ठरत नसतं. ते मे महिन्यात पारावर बसून ठरवावं लागतं.

कागदावर सगळं आहे बरं का. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आहे, जिल्ह्याचा आराखडा आहे. त्यात तुमच्या गल्लीतला डायलिसिसचा पेशंट नसतो, असूही शकत नाही. एनडीआरएफची तुकडी पुण्याहून निघेल, पण महामार्गच पाण्याखाली गेला तर? २०१९ ला गेलाच होता की. पहिले काही तास शेजाऱ्यांचेच असतात.

तुम्ही म्हणाल, आमच्या एनएसएसनं मॉक ड्रिल केलंय. छान. मित्राला स्ट्रेचरवर झोपवून फोटोही काढलेत. मला विचाराल तर त्यापेक्षा एक वही घ्या आणि घरोघर फिरा. कोण एकटं राहतं, कुणाला इन्सुलिन लागतं (लाइट गेल्यावर ते गार कुठं ठेवणार?), ट्रॅक्टर कुणाकडं आहे. जनावरांचं तर विचाराच. म्हैस दावणीला असताना मालक घर सोडत नाही. तिच्यासाठी उंचावरची जागा आणि वैरण ठरलेली नसेल, तर तुमची बोट रिकामीच परत येणार. यादी कागदावरच ठेवा, कारण पुरात मोबाईल बंद पडतात. आणि ती ग्रुपवर टाकू नका. एकट्या राहणाऱ्या आजींचा पत्ता गावभर फिरवायचा नसतो.

पाण्यात उड्या मारायचं काम मात्र शिकलेल्यांचं. तेच करायचं असेल तर आधी ‘आपदा मित्र’चं रीतसर प्रशिक्षण घ्या.

वहीच्या पहिल्या पानावर लिहा : इशारा पातळीला पहिला फोन कोण करणार, कुणाला करणार. शेजारी १०७७, जिल्हा नियंत्रण कक्ष. हा नंबर आत्ता तुमच्या वर्गात किती जणांनी सेव्ह केलाय?