कर्ज मिळाले, गिऱ्हाईक कुठे आहे?

परदेशातील गरीब दुकानदाराला घरबसल्या पंचवीस डॉलर उसने देण्याची सोय अमेरिकेतील ‘किवा’ या संस्थेने २००५ साली काढली. फोटो पाहायचा, कहाणी वाचायची, पैसे द्यायचे. व्याज नाही, मुद्दल हप्त्याहप्त्याने परत. पुढच्याच वर्षी मुहम्मद युनूस आणि ग्रामीण बँकेला नोबेल मिळाले आणि छोटे कर्ज हे गरिबीवरचे जालीम औषध, अशी जगभर हवा झाली. परदेशी नोकरीला गेलेल्या आपल्या तरुणांनाही हा ‘पे बॅक टू सोसायटी’चा सोपा मार्ग वाटतो. त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. प्रश्न पैशाच्या वाटेचा आहे.

डेव्हिड रूडमन या अभ्यासकाने २००९ मध्ये दाखवून दिले की, ज्या बाईचा फोटो पाहून आपण पैसे देतो तिला बहुतेक वेळा कर्ज आधीच मिळालेले असते. आपला पैसा जातो तो तिथल्या कर्ज देणाऱ्या संस्थेकडे. देणारा व्याज घेत नाही, पण ती बाई त्या संस्थेला व्याज भरतेच! आणि त्या देणाऱ्याच्या नकाशावर ‘परदेश’ म्हणजे आपणच असतो, हेही विसरू नये.

आता कोल्हापूरकडे या. २०१९ च्या महापुरानंतर कोल्हापूर, इचलकरंजी भागातल्या बायका मायक्रोफायनान्सची कर्जे माफ करा म्हणून रस्त्यावर उतरल्या होत्या. घरात पुराचे पाणी शिरले तरी हप्त्याचा दिवस चुकत नाही. तारण नाही म्हणतात, पण गटातल्या चार शेजारणी हेच तारण असते. एकीचा हप्ता थकला की बाकीच्या तिच्या दारात. सावकाराने जे काम गुंडाकडून करून घेतले, ते इथे आपल्याच वस्तीतल्या आयाबहिणींकडून करून घेतले जाते. आंध्रात आत्महत्या झाल्या, तेव्हा ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या सरकारला अध्यादेश काढावा लागला.

आपल्याकडे अनेकांना वाटते की महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी कायदा इथे उपयोगी पडेल. पडत नाही. रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०२२ रोजी नेडुम्पिल्ली फायनान्सच्या खटल्यात दिला. त्याच वर्षीच्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनी मायक्रोफायनान्सवरील व्याजाची कमाल मर्यादाही काढून टाकली. मात्र त्याच निर्देशांत कार्यकर्त्यांच्या हाती लागण्यासारखे पुष्कळ आहे. कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मिळून मासिक हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुली नाही. मुदतीआधी कर्ज फेडले तर दंड नाही. कर्जाचा तपशील कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचा. हे कागद वस्त्यांमध्ये, विहारांमध्ये वाचून दाखवले गेले आहेत काय?

पण समजा सगळे नियम पाळले, तरी धंदा उभा राहील काय? याचे उत्तर कोल्हापूरने शंभर वर्षांपूर्वी दिले आहे. संस्थानात नोकरीला असलेल्या गंगाराम कांबळे यांनी पाण्याला स्पर्श केला म्हणून त्यांना फटके मारण्यात आले. छत्रपती शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला मदत केली. ‘सत्यसुधारक’ हॉटेल उघडले. उघडले, पण अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? तेव्हा महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा मागवू लागले आणि बरोबरच्या उच्चवर्णीयांनाही पाजू लागले. राजाने भांडवल पुरवले, आणि त्याहून मोठे म्हणजे गिऱ्हाईक आणून दिले. कर्जाच्या कोणत्याही योजनेत हा रकाना नाही.

कोल्हापुरी चप्पल बनवणाऱ्या आपल्या चर्मकार बांधवांकडे पाहा. २०१९ मध्ये चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. कारागिराला कातडे उधार मिळते ते व्यापाऱ्याकडून, आणि चप्पल त्यालाच त्याच्या भावाने घालावी लागते. पावसाळ्यात कातडे वाळत नाही, मागणी मंदावते. आठवड्याचा हप्ता मात्र पाऊस ओळखत नाही. अशा माणसाला चढ्या व्याजाचे कर्ज देणे म्हणजे व्यापाऱ्याच्या जोडीला दुसरा सावकार आणून बसवणे. १९७८ पासूनचे महात्मा फुले महामंडळ, चर्मकारांसाठीचे संत रोहिदास महामंडळ, बीजभांडवल योजना हे सारे कागदावर आहे. पण बँकेच्या टेबलावर फाइल अडते, जामीनदार मागितला जातो, आणि कंटाळून तोच माणूस आठवडी हप्त्याच्या गटाकडे वळतो.

म्हणून परदेशातल्या बांधवांना सांगायचे ते इतकेच की, पंचवीस डॉलर अनोळखी फोटोवर ठेवण्याऐवजी पन्नास जणांनी मिळून शंभर जोड चपलांची मागणी पावसाळ्याआधी नोंदवावी आणि निम्मी रक्कम आगाऊ पाठवावी. त्या पैशातून कारागीर कातडे रोखीने घेईल, आणि माल कोणाला विकायचा हे त्याचे तो ठरवेल.